'रेस्क्यू डॉन' : आमच्याकडे दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

आषाढात, २० जुलैच्या आसपासच्या शनिवारी, वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या गावात शाळेच्या हॉलमध्ये आम्ही हा सिनेमा दाखवतो. आधी आठवडाभर फोन येतात आणि नंतर महिनाभर लोक रस्त्यात थांबवून विचारतात. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. ज्यांना सिनेमा कोरा पाहायचा आहे त्यांनी हे नंतर वाचावं, कारण मी काही लपवलेलं नाही.

सिनेमा नेमका कशावर आहे?

अमेरिकन नौदलाचा एक वैमानिक लाओसवर पाडला जातो, पकडला जातो, जंगलातल्या छावणीत उपाशी ठेवला जातो, तिथून पळतो आणि पळाल्यावर जंगलात मरायला टेकतो. दिग्दर्शक वर्नर हेरझोग, साल २००६. वैमानिकाचं काम ख्रिश्चन बेलने केलं आहे आणि त्याच्या सोबत्याचं, ड्वेन मार्टिनचं, स्टीव्ह झानने. युद्धपट म्हटल्यावर जी धुमश्चक्री डोळ्यांसमोर येते ती यात पहिल्या काही मिनिटांत आटोपते. उरलेला सगळा सिनेमा भूक, पाऊस आणि शेजारी बसलेला माणूस यांच्याविषयी आहे. मला तो आवडतो तो यामुळेच.

गोष्ट खरी आहे का?

हो. डीटर डेंगलर हा खरा माणूस. १ फेब्रुवारी १९६६ रोजी त्याचं स्कायरेडर विमान पडलं. स्कायरेडर म्हणजे एका इंजिनाचं, पुढे पंखा असलेलं विमान. जेटच्या काळातही ते वापरात होतं. 'रेंजर' या विमानवाहू युद्धनौकेवरून तो उडाला होता. पाथेट लाओच्या, म्हणजे लाओसमधल्या साम्यवादी बंडखोरांच्या, सैनिकांनी त्याला पकडलं. मध्ये एकदा तो निसटला, पण पाण्यासाठी थांबला तिथेच पुन्हा सापडला. पुढे २९ जून १९६६ ला छावणीतून पळाला आणि तीन आठवडे जंगलात काढल्यावर २० जुलैला त्याला हेलिकॉप्टरने उचललं. तेव्हा त्याचं वजन साधारण ४४ किलो होतं. आम्ही तारीख २० जुलैच्या जवळची धरतो ती यासाठी.

नाव तर जर्मन वाटतं. मग अमेरिकेच्या नौदलात कसा?

जर्मनच. १९३८ मध्ये ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या विल्डबर्ग गावात जन्मला. वडील दुसऱ्या महायुद्धात गेले. लहान असताना दोस्त राष्ट्रांचं एक लढाऊ विमान घराच्या खिडकीजवळून गेलं आणि तेव्हापासून त्याला फक्त उडायचं होतं. ज्या विमानांनी त्याचं गाव जाळलं त्याच विमानांच्या तो प्रेमात पडला. युद्धानंतर घरात खायला नव्हतं तेव्हा आई भिंतीवरचा कागद सोलून उकळायची, कारण त्यामागच्या खळीत थोडंफार पोषण असायचं. काही काळ तो लोहाराकडे उमेदवारी करत होता. अठराव्या वर्षी अमेरिकेला गेला तो विमान चालवायचं ठरवूनच.

या बालपणाला मी महत्त्व देते. छावणीतल्या इतर कैद्यांच्या मानाने हा माणूस भुकेला आधीपासून ओळखत होता.

पण युद्ध व्हिएतनाममध्ये होतं ना? लाओस कुठून आलं?

व्हिएतनामच्या शेजारच्या लाओसवरही अमेरिका बॉम्ब टाकत होती, पण ती बॉम्बफेक जाहीर केलेली नव्हती. १९६४ ते १९७३ या काळात तिथे वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले गेले आणि न फुटलेले बॉम्ब आजही शेतात सापडतात. सिनेमा याबद्दल फार बोलत नाही. तो वैमानिकाला चिकटून राहतो. पाहणाऱ्याने मात्र हे डोक्यात ठेवून पाहावं, म्हणजे गावकरी त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात ती समजते.

हा सिनेमा तुम्ही ऐन पावसाळ्यातच का दाखवता? पत्र्यावर पाऊस वाजतो, संवाद ऐकू येत नाहीत.

ही तक्रार दरवर्षी येते आणि ती रास्त आहे. संवादांसाठी खाली इंग्रजी ओळी येतात, शिवाय आम्ही मराठीत छापलेला दोन पानी सारांश दारातच देतो. पण महिना बदलणार नाही. कारण सांगते.

या कथेत पाऊस हे एक पात्रच आहे. सिनेमात छावणीतले जुने कैदी नव्या आलेल्या डीटरला सांगतात की हे बांबूचं कुंपण म्हणजे काही तुरुंग नव्हे, तुरुंग आहे ते बाहेरचं रान. उन्हाळ्यात पळालास तर पाण्यावाचून मरशील, पावसाची वाट बघ. लाओसला येणारा पाऊस आणि आपल्याकडे येणारा पाऊस हे एकाच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचं देणं आहे. तो पाऊस काय करतो ते आपल्याला कुणी शिकवायला नको. ज्या व्हाळातून मे महिन्यात पोरं चालत जातात तोच जुलैत माणूस वाहून नेतो. पायवाट दोन आठवड्यांत दिसेनाशी होते. लाकूड पेटत नाही. अंगावरचं वाळत नाही आणि चार दिवसांनी पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सुटायला लागते. कधी लावणीला गेलेल्या कुणालाही विचारा.

डेंगलर आणि मार्टिन पळाले ते याच दिवसांत. त्यांना तो पाऊस हवा होता आणि त्यानेच त्यांना जवळजवळ मारलं. तराफा बांधून त्यांनी नदीत लोटला. ही नदी मेकाँगला मिळेल, मेकाँगच्या पलीकडे थायलंड, असा हिशेब. रात्री वाहून जाऊ नये म्हणून ते स्वतःला झाडाला बांधून घेत आणि सकाळी उठत तेव्हा चिखलाने माखलेले आणि अंगभर जळवा. काही दिवसांनी कळलं की आपण गोल फिरून होतो त्याच भागात आलो आहोत.

हे दृश्य मार्चमध्ये पंख्याखाली बसून पाहिलं तर कळतं. जुलैत, ओल्या छत्र्या भिंतीला लावून, पत्र्यावर सर कोसळत असताना पाहिलं तर अंगाला लागतं.

छावणीतून ते पळाले कसे? ते खिळ्याचं खरंच होतं का?

सिनेमात डीटर एक खिळा घासून त्याने हातकड्या उघडायला शिकतो आणि मग सगळ्यांच्या हातकड्या रात्री उघडतो, पहारेकरी यायच्या आत पुन्हा लावतो. लोहाराकडे काम केलेला माणूस आहे हे लक्षात घ्या. सांदीफटीत बसवायचा लोखंडाचा तुकडा त्याला परका नव्हता.

पण माझ्या मते खरं काम खिळ्याचं नव्हतं. ते पाहण्याचं होतं. पहारेकरी जेवायला कधी बसतात, बंदुका कुठे ठेवतात, कोण किती वेळ लावतो. हे आठवडेच्या आठवडे मोजलेलं होतं. पहारेकऱ्यांकडेही अन्न संपत आलं होतं आणि कैद्यांना मारून टाकायचं बोलणं कानावर आलं, तेव्हा दिवस ठरला. ते जेवायला बसले असताना कैद्यांनी त्यांच्या बंदुका ताब्यात घेतल्या. गोळीबार झाला, पहारेकरी मेले. पुढची योजना तिथेच फिसकटली आणि सात कैदी वेगवेगळ्या वाटांना पांगले.

वाटणीला आलेला मूठभर भात, त्यातलाच वाळवून मागे टाकलेला, हे सिनेमात नीट बघा. ताटात भात उरला की मुलांवर ओरडणाऱ्या आयांनी तर जरूर.

बुटाचं काय आहे? माझ्या मुलाने घरी येऊन तेच सांगितलं.

दोघे अनवाणी होते. जंगलात त्यांना एका जुन्या टेनिसच्या बुटाचा तळवा सापडला. बूट नव्हे, नुसता तळवा. वेताच्या सालीने तो पायाला बांधायचा, थोडं चालायचं, मग सोडून दुसऱ्याला द्यायचा. एकच तळवा, चार पाय.

गेल्या वर्षी सिनेमा संपल्यावर सातवीतल्या दोन मुली हॉलच्या पडवीत एकाच चपलेवर आळीपाळीने उभ्या राहून बघत होत्या की दगडांवरून किती पावलं जाता येतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अंगण चिऱ्याच्या खडीचं, पावसाने धुतलेलं, टोकदार. सहा पावलांत एकीने दुसरीच्या खांद्यावर हात टाकला. मला वाटतं, त्या दोघींना सिनेमा पुरता कळला होता.

मुलांना आणावं का?

बारा वर्षांच्या वरची मुलं आणा, आणि शेजारी बसा. छळाची दृश्यं आहेत. डीटरला पायाने उलटं टांगून तोंडाला मुंग्यांचं घरटं बांधतात. आपल्याकडे आंब्यावर चढताना हुमले चावलेल्या पोरांना ते जरा जास्तच कळतं. त्याहून लहान मुलांना आणू नका ही विनंती. मागे अशा लहानग्यांना बाहेर नेऊन गप्प करताना दोघा-तिघांचा अर्धा सिनेमा गेला.

ख्रिश्चन बेल खरंच एवढा वाळला का?

हो, पंचवीस किलोच्या आसपास वजन त्याने उतरवलं होतं. चित्रीकरण थायलंडच्या जंगलात झालं आणि बराचसा भाग उलट्या क्रमाने घेतला, म्हणजे हाडं दिसणारे प्रसंग आधी आणि धडधाकट दिसायचे प्रसंग नंतर. वजन उतरवण्यापेक्षा चित्रीकरण चालू असताना ते भरून काढणं सोपं. लोकांचं याकडेच जास्त लक्ष जातं. माझं म्हणणं, स्टीव्ह झानकडे बघा. हळूहळू विझत जाणारा माणूस त्याने डोळ्यांनी दाखवला आहे.

सिनेमात काही चुकीचं दाखवलंय का?

दाखवलंय, आणि यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण सिनेमा आवडतो म्हणून गप्प बसणं मला पटत नाही.

छावणीत जीन डेब्रुइन नावाचा अमेरिकन होता. एअर अमेरिकाच्या मालवाहू विमानावर काम करणारा, ५ सप्टेंबर १९६३ ला विमान पडल्यापासून कैदेत. म्हणजे डेंगलर यायच्या आधीच अडीच वर्षं तो तिथे होता. त्याच्याबरोबर त्याच विमानातले तीन थाई आणि एक हाँगकाँगचा चिनी माणूस. सिनेमातला डेब्रुइन अर्धवट भ्रमिष्ट, सगळ्यांच्या जिवावर उठेल असा, पळायला विरोध करणारा आहे. जेरेमी डेव्हिसने काम असं केलंय की तो चेहरा विसरत नाही. अडचण तीच आहे.

त्याच्या घरच्यांनी या चित्रणावर उघड आक्षेप घेतला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच छावणीतून वाचलेले थाई सहकैदी फिसित इंथाराथत यांनीही सांगितलं की खरा डेब्रुइन असा नव्हता. तो दुसऱ्यांसाठी झटणारा होता, सोबत्यांना इंग्रजी शिकवायचा, आणि पळाल्यावर अशक्त झालेल्या सोबत्याला टाकून न जाता त्याच्याबरोबर थांबला. तो पुढे कधीच सापडला नाही.

घरी परत न आलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. दर्यावर गेलेला आणि न परतलेला माणूस आपल्या किनाऱ्यावर कितीतरी घरांत आहे. त्याच्याविषयी कुणी काही बोललं तर घरातली माणसं कशी उसळतात ते आपण पाहिलेलं आहे. म्हणून प्रत्येक खेळाआधी मी उभी राहून डेब्रुइनविषयी एवढं सांगतेच. थाई कैद्यांच्या वाट्यालाही सिनेमात फार थोडं आलंय. योजना आखण्यात ते बरोबरीचे होते.

मार्टिनला गावकऱ्याने का मारलं? तो तर हात जोडून बसला होता.

या प्रश्नावर हॉलमध्ये नेहमी वाद होतो. मार्टिनला मलेरिया झाला होता, पोटात काही नव्हतं. गावातून काही खायला मिळेल म्हणून तो निघाला आणि डेंगलरने त्याला एकटं जाऊ दिलं नाही. एका लहान मुलाने त्यांना पाहिलं, ओरडत पळाला. दोघे वाटेवर गुडघ्यांवर बसले. आलेल्या माणसाने कोयता चालवला. पहिला घाव पायावर, दुसरा मानेवर.

एकदा लष्करातून निवृत्त झालेले आमचे एक काका उठून म्हणाले, "त्या गड्यान काय करूचा होता? वरसून बॉम टाकणारो खयचो आणि हात जोडणारो खयचो, ता तेका कसा कळतला?" मागून एक बाई म्हणाली, "तरी गुडघ्यार बसलेल्याक मारूचा नाय." दोघांचंही खरं आहे असं मला वाटतं आणि त्यापुढे मला जाता आलेलं नाही.

मग शेवटी सुटका कशी झाली?

त्याआधीची एक गोष्ट सिनेमा पाहताना निसटते. दोघांनी विमानाला खूण करायला आग पेटवायचं ठरवलं होतं. बांबूवर बांबू घासून पेटवण्याइतकी ताकद अंगात नव्हती. मार्टिनने फेकून दिलेली काडतुसं डेंगलरने शोधून आणली, त्यातली दारू काढली आणि तिच्यावर जाळ धरला. रात्री विमान आलं तेव्हा पलिते हलवून अक्षरं काढली. विमानाने घिरट्या घातल्या, प्रकाशगोळेही टाकले. सकाळी धुकं आणि रिपरिप पाऊस. कुणीच आलं नाही.

मार्टिन गेल्यावर डेंगलर एकटा उरला. २० जुलैला हवाई दलाचे यूजीन डीट्रिक स्कायरेडरमधून जात असताना त्यांना खाली पांढरं काहीतरी दिसलं. प्रकाशगोळ्याच्या छत्रीचं कापड डेंगलर हलवत होता. त्या भागात आपला कुणी बेपत्ता असल्याची खबर नव्हती, त्यामुळे हा सापळा असेल अशी शंका होती. डीट्रिक यांनी आग्रह धरला म्हणून हेलिकॉप्टर आलं. वर घेतल्यावरही त्याला दाबून धरून झडती घेतली, तर पिशवीत अर्धा खाल्लेला साप निघाला.

शेवट जरा जास्तच आनंदी नाही का?

मलाही तसंच वाटतं. इस्पितळातून मित्र त्याला लपवून नौकेवर आणतात, टाळ्या, जल्लोष. इस्पितळातून पळवून आणल्याची हकीकत खरी आहे, पण सिनेमा तिथे ज्या सुरात जातो तो आधीच्या दोन तासांशी जुळत नाही. मार्टिनची आठवण त्या गर्दीत हरवते.

पुढे त्याचं काय झालं?

त्याला नेव्ही क्रॉस हे नौदलाचं मोठं शौर्यपदक मिळालं. नौदल सोडल्यावरही तो विमानंच उडवत राहिला. कॅलिफोर्नियातल्या घरात जमिनीखाली तांदूळ, पीठ, मध साठवून ठेवायचा. ते लागणार नाही हे माहीत असूनही. असं अन्न हाताशी असलं की झोप लागते, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मज्जासंस्थेचा असाध्य आजार झाल्यावर ७ फेब्रुवारी २००१ रोजी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला पुरलं. त्याच्यावरचा हा सिनेमा त्याला पाहायला मिळाला नाही.

हेरझोगने याच माणसावर माहितीपटही केलाय म्हणे. आधी कोणता पाहावा?

'लिटल डीटर नीड्स टू फ्लाय', १९९७. जमलं तर आधी सिनेमा, मग माहितीपट. माहितीपटात डेंगलर स्वतः बोलतो आणि इतकं भराभर, इतकं हसतमुख बोलतो की अंगावर काटा येतो. हेरझोग त्याला पुन्हा जंगलात नेतो आणि हात बांधून चालायला लावतो. एक सांगून ठेवते : त्यात तो घराची दारं पुन्हा पुन्हा उघडून बघतो, कारण बंद दाराची भीती. ती सवय त्याची नव्हती. ते दिग्दर्शकाने सुचवून करवून घेतलं, आणि हेरझोगने तसं कबूलही केलंय. उघड्या दारांची चित्रं मात्र डेंगलरच्या घरात खरोखरच होती.

आपल्याकडचा असा कुणी वैमानिक नाही का?

आहेत, आणि नाव ऐकल्यावर आमच्या हॉलमध्ये दरवर्षी कुजबुज होते. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर. १९७१ च्या युद्धात १० डिसेंबरला त्यांचं सुखोई-७ विमान पाकिस्तानात पडलं. रावळपिंडीच्या छावणीत भारतीय वैमानिकांना ठेवलं होतं. युद्ध संपलं तरी सुटकेचं चिन्ह दिसेना. पारुळकर, मालविंदरसिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी या तिघांनी कोठडीच्या भिंतीला भोक पाडलं आणि १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री निसटले.

ते जंगलात गेले नाहीत. बसने पेशावर गाठलं, पुढे खैबरच्या वाटेवर लंडीकोतलपर्यंत पोचले. अफगाणिस्तानची हद्द जेमतेम चार मैलांवर होती. तिथे त्यांनी लंडीखान्याला जायला गाडी विचारली. नकाशावर लंडीखाना हे रेल्वेचं शेवटचं स्थानक दाखवलेलं होतं, पण तिथली गाडी १९३२ मध्येच बंद झाली होती. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेलं स्थानक विचारणारे हे कोण? संशय आला, पकडले गेले.

आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच आहोत असं ते सांगत राहिले. पण स्थानिक लोक त्यांना तिथेच संपवतील असं वाटायला लागलं तेव्हा पारुळकरांनी छावणीचे पूर्वीचे प्रमुख उस्मान हमीद यांना फोन लावायला सांगितलं. हमीद यांनी "ही आमची माणसं आहेत" असं सांगून त्यांचा जीव वाचवला. शत्रूच्या अधिकाऱ्याने. मी हे सांगते तेव्हा कोयत्याच्या प्रसंगावर भांडलेले दोघेही गप्प बसतात.

पळून गेले त्याची शिक्षा भोगून ते पुन्हा कैदेत राहिले आणि १ डिसेंबर १९७२ रोजी बाकीच्यांबरोबर वाघा ओलांडून परत आले. पारुळकर ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं.

पारुळकर म्हणजे आपल्या पारुळ्याचे का?

आडनाव तिथलंच, पारुळे गावाचं. त्यांच्या घराण्याविषयी याहून जास्त मी सांगणार नाही. पण ज्या गावाचं नाव ते आयुष्यभर आडनावात घेऊन उडाले, त्या पारुळ्याच्या चिपीच्या सड्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गचा विमानतळ सुरू झाला, हे आम्ही मुलांना हमखास सांगतो.

लाईट गेली तर?

जनरेटर आहे. सुरू व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात. मोबाईलचे टॉर्च लावू नका, डोळे अंधाराला सरावलेले असतात ते बिघडतात.

खेळानंतर पेज का देता? चहा-भजी सोपी पडली असती.

पहिल्या वर्षी भजी केली होती. ती कुणाच्या घशाखाली उतरेना. दोन तास मूठभर भाताकडे डोळे लावून बसलेला माणूस बाहेर आल्यावर त्याला तेलाचा वास नको वाटतो, हे तेव्हा कळलं. दुसऱ्या वर्षी एका मावशींनी स्वतःहून उकड्या तांदळाची पेज केली, बरोबर खोबऱ्याची सुकी चटणी आणि भाजलेला बांगडा. लोक पडवीत उकिडवे बसून जेवले आणि बोलत राहिले. तेव्हापासून पेजच. न खाणाऱ्यांसाठी बांगड्याऐवजी लोणचं असतं. वाटी आणि चमचा ज्याचा त्याने आणावा, धुवायचं पाणी पागोळीखाली भरपूर आहे. टोप रिकामा होईपर्यंत हॉल उघडा ठेवतो.